रजा सांगून घ्यावी, काम सोपवून जावे

जून महिन्यात वसतिगृहांवर मुलांबरोबर नवे कार्यकर्तेही येतात. कोणी पदवी पूर्ण करून वर्षभरासाठी आलेले असतात, कोणी नोकरीतून निवृत्त होऊन आलेले असतात, तर कोणी दर शनिवारी शहरातून येऊन गणित-इंग्रजी शिकवून जाणारे असतात. पहिला महिना संपता संपता त्यांपैकी बहुतेकांच्या मनात एक प्रश्न येतो आणि तो चाचरतच विचारला जातो : "मध्ये दोन दिवस घरी जाऊन आलो तर चालेल का?"

चाचरण्याचे कारण उघड आहे. आपण सेवेसाठी आलो आहोत, मग रजा कशी मागायची, असे वाटते. मागायचा संकोच वाटला की दोनच वाटा उरतात. एक तर माणूस रजाच घेत नाही आणि आतून थकत जातो. नाही तर तो कोणाला फारसे न सांगता पहाटेची एसटी धरतो आणि मागचे काम ज्याच्या त्याच्या अंगावर पडते. दोन्ही वाटांचा त्रास शेवटी मुलांनाच होतो. म्हणून या अंकात रजेविषयी सविस्तर लिहीत आहोत. वसतिगृहावर काम करणाऱ्यांना हे उपयोगी पडेलच, पण आपले जे हितचिंतक शहरात राहून मदत करतात त्यांनाही यात करण्याजोगे काही सापडेल.

सगळ्याचे सार एकाच वाक्यात सांगता येते. रजा घेणे हा सेवेतला खंड नाही. न सांगता आणि न सोपवता जाणे हा मात्र खंड आहे.

मुलांसाठी कोणाचे जाणे म्हणजे काय

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर लोक कामासाठी गाव सोडतात त्याला 'जगायला जाणे' म्हणतात. दिवाळी झाली, शेतातली कामे उरकली की घरेच्या घरे वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबे उसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. आपल्या वसतिगृहातली बरीच मुले याच घरांतली आहेत. आईबाप जातात तेव्हा मूल वसतिगृहात असते किंवा आजीजवळ असते. कधी परत येणार हे त्याला नेमके सांगितलेले नसते, कारण सांगणाऱ्यालाही ते माहीत नसते. मुकादमाची उचल फिटेल तेव्हा.

अशा मुलाच्या दृष्टीने मोठ्या माणसाचे अचानक नाहीसे होणे ही नवी गोष्ट नसते. आपण सकाळी दिसलो नाही तर त्याला 'ताई सुट्टीवर गेली' असे वाटत नाही, 'ताईसुद्धा गेली' असे वाटते. या 'सुद्धा'मध्ये सगळे आले.

मुले रडतील म्हणून ती झोपेत असतानाच निघून जावे, असे अनेकांना दयाळूपणाचे वाटते. पण त्यामुळे रडणे टळत नाही, ते फक्त आपल्या डोळ्यांआड होते. शिवाय पुढचे कित्येक दिवस ते मूल रात्री उठून आपण अंथरुणावर आहोत की नाही हे पाहत राहते.

यावर पूर्वीच बारकाईने काम झालेले आहे. जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन हे दोघे लंडनमध्ये आईपासून दुरावलेल्या लहान मुलांचा अभ्यास करीत होते. रॉबर्टसन यांनी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या अडीच वर्षांच्या एका मुलीवर लघुपट केला आणि १९५२ मध्ये तो डॉक्टरांसमोर आणला. त्या काळी रुग्णालयांत आईबापांना भेटायला फार थोडा वेळ मिळे. मूल दोन-तीन दिवस रडते, मग शांत होते, म्हणजे रुळते, अशी सर्वांची समजूत होती. या दोघांनी दाखवले की ती शांतता रुळल्याची नसते. मूल आधी आकांत करते, मग खचते आणि शेवटी कोणावर फार जीव लावायचे सोडून देते. पुढे १९५९ मध्ये ब्रिटनच्या सरकारी समितीने रुग्णालयातल्या मुलांना भेटण्याची मोकळीक आईबापांना द्यावी अशी शिफारस केली.

आपली मुले त्याहून मोठी आहेत आणि वसतिगृह म्हणजे रुग्णालय नव्हे. तरी त्यातला एक धडा आपल्यालाही लागू आहे. रडायचे थांबलेले मूल सावरलेलेच असते असे नाही. कार्यकर्ता न सांगता गेला आणि 'मुलांनी काही त्रास दिला नाही' असे कोणी सांगितले, तर तेवढ्यावर समाधान मानू नये.

वसतिगृहाचे वर्ष आणि रजेचा काळ

कचेरीत रजा कॅलेंडर बघून ठरते. वसतिगृहावर ती मुलांच्या वर्षाकडे बघून ठरवावी लागते. वर्षातले काही काळ असे असतात की तेव्हा आपण असणे जास्त गरजेचे असते.

जून-जुलै हा नव्या मुलांचा काळ. पहिलीतले, पाचवीतले मूल पहिल्यांदाच घर सोडून आलेले असते. पहिले चार-सहा आठवडे तेच चेहरे, तोच आवाज, तीच जेवायला बसायची जागा त्याला मिळाली पाहिजे. या काळात नव्या मुलांकडे पाहणाऱ्या कार्यकर्त्याने शक्यतो रजा घेऊ नये.

जुलै ते सप्टेंबर पावसाचा काळ. ताप, जुलाब, खरूज आणि साप हे चारही याच दिवसांत येतात. नाल्याला पाणी आले की वाट बंद होते. दोन दिवसांसाठी गेलेला माणूस चार दिवस अडकू शकतो. या महिन्यांत एका वेळी एकानेच रजेवर जावे. जाणाऱ्याने परतीच्या वाटेचाही विचार करूनच दिवस ठरवावा.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह रिकामे होते. घरी जायला, डॉक्टरकडची राहिलेली कामे करायला, आईवडिलांजवळ आठवडाभर राहायला हा उत्तम काळ. पण परतताना एक पथ्य पाळावे. मुले परत येण्याच्या आदल्या दिवशी आपण वसतिगृहावर हजर असावे. याच सुमारास आईबाप भट्टीवर किंवा उसाला निघालेले असतात. जूननंतरचा दुसरा अवघड काळ हाच, आणि तो बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. मूल हसत येते, पण मागे त्याच्या घराला कडी लागलेली असते.

डिसेंबर-जानेवारी त्यातल्या त्यात निवांत. पाळीपाळीने चार-चार दिवसांच्या रजा याच महिन्यांत लावाव्यात.

होळीचा हिशोब वेगळा. सातपुड्यात आणि मेळघाटात होळी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण. भोंगऱ्या बाजारापासूनच मुलांचे मन घराकडे लागते. कोरकू मुलांना फगव्याच्या दिवसांत थांबवून धरण्यात अर्थ नाही आणि धरूही नये. मुले गेली म्हणजे कार्यकर्त्यालाही मोकळीक मिळाली असे मात्र समजू नये. दहावीची परीक्षा याच सुमारास असते, त्या मुलांजवळ कोणीतरी हवे. सण सरला तरी काही मुले परत येत नाहीत. त्यांना आणायला पाड्यावर जावे लागते. शाळा सुटणारी मुले बहुधा इथेच सुटतात. म्हणून होळीनंतरच्या पंधरवड्यात रजा नको.

मे महिन्यात लांबची रजा घ्यावी आणि ती खरोखर घ्यावी. घरच्यांनाही आपली गरज असते.

रात्री दोघे हवेत

दिवसाची गैरहजेरी एक वेळ भरून काढता येते, कारण शाळा असते, शिक्षक असतात, स्वयंपाकाच्या मावशी असतात. रात्रीची भरून निघत नाही. रजा ठरवताना पहिला प्रश्न हा असावा : त्या रात्री वसतिगृहात मोठी माणसे किती?

उत्तर किमान दोन असे हवे. कारण साधे आहे. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही दिसत नाही. पहाटे मूल पोटात दुखते म्हणते, पापण्या जड होतात. अशा वेळी मुलाला लगेच दवाखान्यात न्यायचे असते. १०८ ला फोन लागला नाही तर मिळेल त्या गाडीने निघायचे असते. माणूस एकच असेल तर तो त्या मुलाबरोबर जाणार की बाकीच्या पन्नासांजवळ थांबणार? हा प्रश्न कोणावर येऊ नये म्हणून दोघे.

म्हणून दोघांनी एकाच वेळी रजा मागितली तर आधी आपसात बोलून घ्यावे. ज्याची अडचण मोठी त्याने आधी जावे. नुसते 'मी आधी अर्ज दिला' एवढ्यावर हट्ट धरू नये.

बदली माणूस कसा असावा

रजेवर जाणाऱ्याने आपल्या जागी कोण हे ठरल्याशिवाय निघू नये. पण माणूस मिळत नाही म्हणून कोणालाही उभे करू नये. मुलांच्या निवासाच्या जागी रात्री राहणारी व्यक्ती ही आधीपासून माहितीतली, संस्थेने पारखलेली आणि पोलीस पडताळणी झालेली असावी. मुलींच्या वसतिगृहात बदलीही स्त्रीच असावी. कार्यकर्त्याचा भाऊ, मित्र, पाहुणा 'एक रात्र बघेल' हा प्रकार पूर्ण बंद हवा, माणूस कितीही सज्जन असला तरी. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२ चा कायदा सांगतो की अशा गोष्टीची माहिती मिळालेल्याने ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. कळवायची वेळच येऊ नये याची काळजी आपल्याला आधी घ्यायची आहे. बदली आलेल्यालाही हे नियम पहिल्याच दिवशी समजावून सांगावेत. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक भिंतीवर मुलांना दिसेल असा लिहिलेला असावा.

बदली माणसाला मुलांची ओळख आपण असतानाच व्हावी. तो आदल्या दिवशी दुपारी आला, पंगतीला मुलांबरोबर बसला, रात्रीच्या प्रार्थनेला थांबला, म्हणजे दुसऱ्या दिवशी तो परका राहत नाही.

सोपवणुकीची वही

प्रत्येक वसतिगृहावर हजेरीपट असतो, कोठीचा हिशोब असतो. त्याबरोबर एक सोपवणुकीची वही ठेवावी. साधी दोनशे पानी वही पुरे. रजेवर जाणाऱ्याने आदल्या संध्याकाळी तीत लिहावे आणि बदली आलेल्याने समोर बसून वाचावे. दोघांनी खाली सही करावी. वहीत पाच गोष्टी हव्यात.

पहिली, औषधपाणी. कोणाला कोणती गोळी, किती वाजता, किती दिवस. सिकलसेल असलेल्या मुलांची नावे वेगळी लिहावीत. आपल्या आदिवासी भागात हा आजार बऱ्याच मुलांत आढळतो. अशा मुलाला थंडीत पहाटे गार पाण्याने आंघोळीला पाठवू नये, पाणी भरपूर पाजावे, शिक्षा म्हणून किंवा पैजेने पळवू नये. ताप आला किंवा हातपाय, पाठ जोरात दुखू लागली तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे. नेहमीच्या कार्यकर्त्याला हे पाठ असते. बदली माणसाला ते माहीत असण्याचे कारण नाही.

दुसरी, मुलाला कोण नेऊ शकतो. प्रवेशाच्या वेळी ज्यांची नावे आणि सह्या किंवा अंगठे घेतले आहेत त्यांच्याच ताब्यात मूल द्यायचे. 'मी काका आहे, बाजारातून फिरवून आणतो' म्हणणाऱ्याच्या हाती नाही. नेहमीचा कार्यकर्ता माणसे तोंडाने ओळखतो, म्हणून त्याला वही उघडावी लागत नाही. बदली माणसाला उघडावी लागते आणि ती उघडायला त्याने संकोचू नये.

तिसरी, लक्ष ठेवायची मुले. कोणाचे आईबाप नुकतेच जगायला गेले, कोण रात्री अंथरूण ओले करते, कोणाचे दोन दिवस जेवणात लक्ष नाही, कोणाचे कोणाशी भांडण आहे.

चौथी, किल्ल्या आणि सामान. कोठीची किल्ली कोणाकडे, सिलिंडर कधी लावला, तांदूळ-डाळ कोणत्या दिवसापर्यंत पुरेल, पाण्याची मोटर बिघडली तर कोणाला बोलवायचे.

पाचवी, दिलेले शब्द. ही बहुतेक जण विसरतात. आपण मुलांना 'रविवारी ओढ्यावर नेतो', 'तुझी वही बाजारातून आणतो' असे काही बोललेलो असतो. तो शब्द आपण नसतानाही पाळला गेला तर मुलांना कळते की शब्द एका माणसाचा नव्हता, वसतिगृहाचा होता.

नमुना म्हणून वहीतल्या एका पानावर असे काही असेल :

"हजेरी क्र. १२, दुसरी : ताप उतरला, गोळी आज रात्रीपर्यंतच. क्र. ३१, सहावी : सिकलसेल, फॉलिक ॲसिडची गोळी सकाळी नाश्त्यानंतर. क्र. ७, चौथी : आईवडील सोमवारी भट्टीवर गेले. संध्याकाळी दाराशी एकटी बसते. हाक मारून भाकऱ्या मोजायला बसवावी, तिला ते आवडते. आजी येईल, आजीला भेटू द्यावे, घरी पाठवू नये. कोठीची जादा किल्ली मावशींकडे. मोठ्या मुलांना शनिवारी क्रिकेटचा चेंडू देण्याचे कबूल केले आहे, चेंडू कपाटात वरच्या फळीवर."

एवढे लिहायला वीस मिनिटे लागतात. या वीस मिनिटांवर रजेचे बरेवाईट ठरते.

या वहीत लिहिलेले सर्वांनी वाचायचे नसते. मुलांच्या आजाराविषयी, घरच्या अडचणींविषयी त्यात असते. म्हणून ती कपाटात कुलुपात ठेवावी, अभ्यासिकेच्या टेबलावर पडू देऊ नये.

मुलांना काय सांगावे

कार्यकर्ते बहुतेक वेळा वसतिगृह प्रमुखांना सांगतात, मावशींना सांगतात, मुलांना मात्र सांगत नाहीत. सर्वांत आधी सांगायचे ते मुलांनाच. दोन दिवस आधी, रात्री प्रार्थनेनंतर सगळी एकत्र असताना, तीन गोष्टी सांगाव्यात : मी कुठे जातो, मी नसताना कोण असेल, मी कधी परत येतो.

'लवकर येतो' असे सांगू नये. लवकर म्हणजे किती हे लहान मुलाला कळत नाही आणि मोठ्या मुलाला ते खरे वाटत नाही. लहानांना दिवस मोजून द्यावेत : पाच वेळा झोपून उठलात की मी येणार. पाड्यावरची मुले आठवड्याच्या बाजारावरून काळ मोजतात, तेही वापरावे : हा बाजार जाऊ दे, पुढच्या बाजाराच्या दिवशी मी आलेली असेन. भिंतीवरच्या कॅलेंडरवर परतीच्या तारखेभोवती मुलांकडूनच गोल करून घ्यावा.

जाण्याचे कारण खरे सांगावे. माझी आई आजारी आहे, बहिणीचे लग्न आहे, मी दमले आहे आणि घरी जाऊन झोपणार आहे. मुलांना हे सगळे समजते. आपल्यालाही आई आहे हे त्यांना कळले तर नाते उलट घट्ट होते.

ठरल्या दिवशी परत यावे. गाडी चुकली, घरी अडचण वाढली, असे होऊ शकते. मग त्याच दिवशी वसतिगृहावर निरोप द्यावा आणि तो मुलांपर्यंत पोहोचला की नाही याची खात्री करावी. उशीर झाला म्हणून पिशवीभर चॉकलेटे आणायची गरज नाही. मुलांना चॉकलेट आवडते हे खरे, पण त्यांनी कॅलेंडरवर केलेला गोल खरा ठरला याचे मोल जास्त आहे.

शनिवार-रविवारी येणाऱ्यांसाठी

नाशिक, मुंबई, पुणे, अमरावती अशा शहरांतून सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवणारे स्वयंसेवक वसतिगृहाला मोठा आधार असतात. त्यांना रजेचा अर्ज नसतो, मानधन नसते, त्यामुळे 'या शनिवारी नाही जमले तर काय बिघडले' असे वाटणे सहज आहे. इकडे मात्र मुले धुतलेले कपडे घालून फाटकाशी बसलेली असतात.

यावर उपाय कठोर नियमांचा नाही. शब्द देतानाच कमी द्यावा. चारही शनिवार येतो म्हणून दोनदा चुकवण्यापेक्षा महिन्यातून दोनच शनिवार येतो म्हणून दोन्ही पाळावेत. येणे जमणार नसेल तर गुरुवारपर्यंत कळवावे, म्हणजे वसतिगृहाला त्या वेळेचे दुसरे काही ठरवता येते. शक्य असेल तर मुलांसाठी दोन ओळींचा निरोप आणि चार गणिते पाठवावीत. सर आले नाहीत पण त्यांची गणिते आली, यानेही मुलांना आपली आठवण ठेवल्याचे समजते.

अचानक निघावे लागले तर

घरून वाईट बातमी येते तेव्हा वही लिहायला वेळ नसतो, मनही नसते. अशा वेळी कोणी कार्यकर्त्याला अडवू नये आणि त्यानेही अपराधी वाटून घेऊ नये. निघताना तीनच गोष्टी कराव्यात. मुलांची संख्या मोजून ती हजर असलेल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगावी. किल्ल्या त्याच्या हातात द्याव्यात, खुंटीला अडकवून जाऊ नये. औषध चालू असलेल्या मुलांची नावे तोंडी सांगावीत. वसतिगृह प्रमुखांना रेंज नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडे किंवा पोलीस पाटलांकडे निरोप ठेवावा. बाकीचे वाटेतून फोनवर सांगता येते.

हे सुरळीत व्हायचे तर तयारी आधीच असावी लागते. आपले काम आपल्याखेरीज आणखी एकाला रोज थोडे थोडे माहीत असावे. सोपवणुकीची वही नियमित लिहिली जात असेल तर अचानकच्या वेळी मागचे पान उघडूनही निभावते.

आजारपण

ताप असताना अंगावर काढून मुलांत वावरणे हे कष्टाळूपणाचे लक्षण मानले जाते. पन्नास मुले एका दालनात झोपतात तिथे ते धोक्याचे आहे. डोळे आले, कांजिण्या निघाल्या, खरूज झाली, जुलाब लागले, तर कार्यकर्त्याने मुलांपासून आणि स्वयंपाकघरापासून दूर राहावे. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यावी, सरकारी दवाखान्यात ती मोफत तपासतात. त्या काळातली विश्रांती ही रजा धरू नये. ती मुलांचीच काळजी आहे.

हेच नियम स्वयंपाकाच्या मावशींना आणि राखणदार काकांनाही लागू हवेत. त्या पगारी आहेत, स्थानिक आहेत, म्हणून त्यांचे आजारपण, त्यांच्या घरची लावणी, त्यांच्या पाड्यावरचा बोहाडा दुसऱ्या दर्जाचा ठरत नाही. शहरातल्या कार्यकर्त्याला गणपतीला घरी जायचे असते, तसे मावशींनाही आपल्या सणाला घरीच असायचे असते. वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांनी एकत्र बसून कोणाला कोणता सण महत्त्वाचा ते लिहून काढले की पुढची अर्धी भांडणे टळतात.

कधीच रजा न घेणारा कार्यकर्ता

काही कार्यकर्ते वर्षानुवर्षे रजा घेत नाहीत. त्यांचे कौतुक होते आणि त्यांची निष्ठा खरीच असते. पण दोन गोष्टींकडे लक्ष द्यायला हवे.

एक, थकवा मुलांवर निघतो. आवाज चढू लागतो, मूल काही सांगायला आले की 'नंतर' म्हटले जाते, आणि एखाद्या दिवशी हात उगारला जातो. मुलांना मारणे आपल्या नियमात बसत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी घातली आहे. वसतिगृहातही त्याहून कमी काही चालणार नाही. दमलेल्या माणसाला हे नियम ठाऊक असतात, पण पाळण्याचे त्राण उरलेले नसते. म्हणून आठवड्यातून अर्धा दिवस पूर्ण मोकळा आणि रात्रपाळीनंतरची दुपार झोपेची, एवढे तरी प्रत्येकाने घ्यावेच. सहकाऱ्याने ते घेतले नाही तर त्याला प्रेमाने फाटकाबाहेर काढावे.

दोन, सगळे एकाच्याच डोक्यात असलेले वसतिगृह त्या एका माणसाच्या आजारपणाने कोलमडते. वर्षातून दोनदा चार-चार दिवस प्रमुखांनी मुद्दाम दूर राहावे. त्या चार दिवसांत काय अडले ते परत आल्यावर विचारावे. जे अडले ते कोणालातरी शिकवायचे राहिले होते, एवढाच त्याचा अर्थ.

कायमचे जायचे असेल तेव्हा

काम सोडून जाणे ही शेवटची आणि सर्वांत लांब गैरहजेरी. ती शक्यतो वर्षाच्या अखेरीस असावी, अधल्यामधल्या महिन्यात नको. प्रमुखांना दोन महिने आधी आणि मुलांना पंधरा दिवस आधी सांगावे. निरोपाचा छोटा कार्यक्रम करावा, मुलांना गाऊ द्यावे, रडू द्यावे. 'मी भेटायला येत राहीन' असे म्हणताना विचार करावा. येणार असू तरच म्हणावे. नाही तर 'पत्र पाठवीन' म्हणावे आणि पाठवावे.

हितचिंतकांसाठी एक काम

आमच्या वाचकांपैकी अनेक जण धान्य देतात, कपडे देतात, दहावीच्या मुलांची पुस्तके घेतात. त्या सगळ्याची गरज आहेच. पण वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला शेवटी एक भरवशाचा बदली माणूस लागतो आणि तोच सर्वांत कमी मिळतो.

ज्यांना वर्षातून आठ दिवस देता येतील, त्यांनी आपल्या जवळच्या वसतिगृहाच्या प्रमुखांना भेटावे. पडताळणीची कागदपत्रे पूर्ण करावीत, आधी दोन वेळा नुसते राहून जावे, मुलांची नावे शिकावीत. मग डिसेंबर-जानेवारीत चार आणि पावसाळ्यात चार दिवस आपल्या नावावर लिहून ठेवावेत. फार मोठे काम करायचे नसते. पंगतीत वाढायचे, दिवे मालवायच्या आधी मुले मोजायची, वहीतले पान वाचायचे, आणि कोणी विचारले 'ताई कधी येणार' तर कॅलेंडरवरचा गोल दाखवायचा.

तेवढ्या आठ दिवसांत एखादी ताई घरी जाऊन आईच्या हातचे जेवून येते, आणि पुढचे सहा महिने पन्नास मुलांना ती हसतमुखाने भेटते.